वरच्या ओळीतले ससे

१

ससा भित्रा म्हणून जगभर बदनाम झालेला प्राणी, पण ताईचं पोट त्या भित्रेपणावरच चालत होतं. औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती जनावरांची डॉक्टर होती. तिथे सगळे तिला ताईच म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, आणि ते तर तिच्याहून चांगले वीसेक वर्षांनी मोठे होते. घरी धाकटा भाऊ म्हणायचा, ते निदान रीतसर होतं.

सध्या तिच्याकडे एक नवं औषध आलं होतं, बीटा-ब्लॉकर जातीचं. जीव घाबरला की रक्तातून हृदयाला निरोप जातो, धाव म्हणून. हे औषध हृदयाच्या दारातच उभं राहतं आणि तो निरोप आत जाऊ देत नाही. हृदय आपलं संथ चालत राहतं. ताईचं काम एवढंच, की सशांना रीतसर घाबरवायचं आणि औषध दारातून हललं का ते बघायचं.

सशांच्या खोलीत पिंजऱ्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीला औषध मिळायचं, खालच्या ओळीला नुसतं मिठाचं पाणी. प्रत्येक सशाच्या कातडीखाली वाटाण्याएवढं एक यंत्र बसवलेलं होतं, आणि शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर प्रत्येकाच्या ठोक्यांची एकेक रेघ पळत असायची. दुपारी ताई सशांच्या खोलीत जायची आणि मधल्या बुटक्या स्टुलावर काहीही न करता बसून राहायची. बाहेरच्या माणसाला हा आळस वाटला असता. पण जनावराला तुमची सवय झाली नसेल तर तुम्ही औषध मोजत नसता, स्वतःलाच मोजत असता. म्हणून हे बसणं तिने कधी चुकवलं नाही. मग ती बाहेर यायची, कुलूप लावायची, रेघा स्थिरावल्या की बटण दाबायची, आणि आतल्या भोंग्यातून पत्र्याचा ट्रे आपटल्याचा आवाज यायचा. खालच्या रेघा ताडकन उसळायच्या. वरच्या रेघा कानात बोळे घातल्यासारख्या आपल्या चालीने चालत राहायच्या. या उसळीला साहेबांनी फार पूर्वी 'भीती' असं नाव ठेवलं होतं आणि सगळे तेच वापरत. आज खालची भीती किती, वरची किती, असं चहा पिता पिता विचारलं जायचं.

त्या दुपारी ती नेहमीसारखी बसून आली. कुलूप लावलं, खुर्ची ओढली, रेघा स्थिरावू दिल्या. बोट बटणावर ठेवलं. दाबलं मात्र नव्हतं.

खालच्या सगळ्या रेघा एकदम उसळल्या. ट्रेच्या आवाजाला उसळायच्या त्याहूनही वर गेल्या. वरच्या शांत.

ताईने आधी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. बोट जागच्या जागी होतं. मग भिंतीला कान लावला, तर पलीकडून धप धप असा दबका आवाज येत होता. ससे मागचे पाय आपटत होते. धोका दिसला की एकमेकांना सांगायची त्यांची ती रीत.

"अहो, मग छानच की!" तिने बोलावून आणलेले साहेब पडद्याकडे बघून खूश झाले. "ट्रेपेक्षा मोठी भीती, आणि वरचे जागचे हलले नाहीत. याहून चांगला निकाल मागून मिळणार नाही."

"पण साहेब, घाबरले कशाला?"

"ताई, आपण फरक मोजतो. कारण मोजत नाही."

ते हसत निघून गेले. ताईच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या खोलीच्या दोन किल्ल्या होत्या. एक तिच्या खिशात, आणि दुसरी पिंजऱ्यांची साफसफाई करणाऱ्या माणसाकडे. त्याला सगळे मामा म्हणत. मामाला सशांचा लळा होता खरा, पण आपल्याला न विचारता यांना कुणी घाबरवलं तर तो बोलायला कमी करत नसे. या औषधावर त्याचा रागच होता. असल्या माणसाला प्रयोगात खो घालावासा वाटला, तर नवल काय?

२

घरी बाबा होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डावा हात तेवढा शाबूत. शाळेत गणित शिकवलेला, वर्गात खडू फेकून मारणारा माणूस आता खिडकीशी पलंगावर पडून असायचा आणि डोळ्यांनी बोलायचा. ते बोलणं आपल्याला कळतं अशी ताईची समजूत होती.

तिच्याकडे आल्यापासून त्यांना एक विचित्र त्रास सुरू झाला होता. बरे असायचे, आणि एकाएकी डोळे विस्फारायचे, अंग थरथरायचं, ठोके बेफाम व्हायचे. हृदय असं फार काळ ओढणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. धाकट्याने तर एक संस्था बघूनही ठेवली होती.

"ताई, तुझी नोकरी, त्यात हे. तुला झेपत नाही, हे कबूल कर."

"बाबांना मी परक्यांच्या हाती देणार नाही."

"मग त्यांचं हे घाबरणं थांबव. पुन्हा एकदा जरी तसं झालं तर मी त्यांना घेऊन जाईन. तेव्हा मात्र भांडायचं नाहीस."

तिनेच मग डॉक्टरांना गोळी सुचवली. ती ज्या औषधावर काम करत होती त्याच घराण्यातली, जुनी, लाखो लोक रोज घेतात अशी. डॉक्टरांनाही पटलं. गोळी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात थरथर गेली. बाबांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधलं होतं, त्यातला आकडा ताईच्या फोनवर दिसायचा. साठ, बासष्ट. दिवसातून कितीदा तरी ती तो आकडा बघायची, आणि दर वेळी तिच्या जिवात जीव यायचा. बाबा घरीच राहणार होते. ही लढाई तिने जिंकली होती.

दिवसभर बाबांजवळ एक मावशी असायच्या. थोराड बांध्याच्या, तोंडाच्या फटकळ. त्या संध्याकाळी ताई घरात शिरली तेव्हा मावशी चादर बदलत होत्या.

"सकाळीच तर बदलली होती ना?"

"ओली झाली. घाम येतो हो त्यांना."

"खोली तर थंड आहे."

मावशींनी चादरीची कड गादीखाली खोचली. ताईने बाबांचा हात हातात घेतला. तळवा गार होता आणि नुकताच पाण्यातून काढावा तसा ओला होता. घड्याळात एकसष्ट. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी एक वेताची खुर्ची होती, तिच्या जरा वर कुठेतरी त्यांची नजर लागली होती.

हातपाय गार पडणं हा गोळीचा माहीत असलेला त्रास होता, तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मावशी गप्प का बसल्या? एरवी त्या भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. मुका माणूस तक्रार करू शकत नाही. आपल्या मागे या बाई त्याला दरडावत तर नसतील? एखादी चापट मारत तर नसतील? त्या रात्री ताईला जेवण गेलं नाही.

३

मामाला रंगेहाथ पकडायचं तिने ठरवलं. दुपारी नेहमीसारखी स्टुलावर बसली, बाहेर आली, कुलूप लावलं, आणि मुद्दाम टाचा आपटत पडद्याच्या खोलीकडे गेली. तिथे चपला काढल्या आणि दबक्या पावलांनी परत आली. दाराला डोळ्यांच्या उंचीवर वीतभर काच होती. तिच्या कडेला उभं राहून ती आत बघू लागली.

मामा आत नव्हता. बोळाच्या टोकाला चाऱ्याच्या खोलीत त्याचं बेसूर गाणं चालू होतं, म्हणजे तो तिथे होता.

आत ससे खात होते. सशाचे दोन कान कधी एका दिशेला नसतात. एक इकडे, दुसरा तिकडे, सारखे फिरत असतात. इतक्या सशांचे इतके कान आपापल्या कामात होते. मग खालच्या ओळीतल्या एकाने पाय आपटला. खाणं थांबलं. आणि खालचे, वरचे, सगळेच्या सगळे कान एका बाजूला वळले.

ते स्टुलाकडे वळले होते. स्टूल रिकामं होतं.

धप. धप. आता सगळेच आपटत होते. ताईला आधी कळलं नाही की यात काय चुकतंय, आणि मग कळलं. वरच्या ओळीतलेही आपटत होते. ज्यांच्या रेघा शांत असतात, ज्यांची भीती आपण शून्य धरतो, ते खालच्यांइतक्याच जोराने पिंजऱ्याच्या तळाला लाथा हाणत होते.

मग कान सरकू लागले. हळूहळू, सगळे एकत्र, स्टुलावरून दाराकडे. थोडं थोडं करत ते काचेपर्यंत आले, थेट तिच्यापर्यंत. मला पाहिलं यांनी, ताई स्वतःशी म्हणाली, माझा वास आला असेल, एवढंच. पण कान तिच्यावर थांबले नाहीत. ते तिला ओलांडून आणखी थोडे वळले आणि तिच्या डाव्या बाजूला, बोळाच्या भिंतीशी स्थिर झाले.

ताईने वळून पाहिलं. बोळात कुणी नव्हतं. चाऱ्याच्या खोलीतलं गाणं तसंच चालू होतं.

तिला घाम फुटला होता, आणि घाबरलेला माणूस करतो तेच तिने केलं, दुसऱ्यावर चिडली. तडक चाऱ्याच्या खोलीत जाऊन तिने मामाकडे किल्ली मागितली.

मामाने गाणं थांबवलं. "का बरं?"

"माझ्या मागे कुणीतरी आत जातंय."

"मी जातो, असं म्हणायचंय तुम्हाला."

"किल्ली दोघांकडेच आहे, मामा."

त्याने ती कमरेच्या जुडग्यातून काढायला बराच वेळ लावला. "घ्या. आणि आजपासून मला उंदरांच्या खोलीत काम द्या, साहेबांना मीच सांगतो. इतकी वर्षं झाली ताई, पण चोर कुणी म्हटलं नव्हतं."

तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. आता दोन्ही किल्ल्या तिच्याच खिशात होत्या. दुसऱ्या दिवशी तिने बटणाला हातही लावला नाही, तरी ठरल्यासारख्या खालच्या रेघा उसळल्या.

४

औषध रक्तात किती उतरलं ते बघायला सशाच्या कानातून रक्त घेतात. कान उजेडात धरला की पातळ गुलाबी कातडीत शीर स्पष्ट दिसते, सुई घालायला दोन क्षण लागतात. ताईचा हात या कामात बसलेला होता. मामाच्या जागी आलेली एक मुकाट बाई ससा टेबलावर धरून ठेवायची आणि ताई रक्त घ्यायची.

त्या दिवशी ती दारातून येताना टेबलावरच्या सशाचा कान गुलाबी होता. लांबूनही शीर दिसत होती. ती जवळ आली आणि कान पांढरा पडला. शीर गायब. तिने कान चोळला, कोमट पाण्याचा बोळा लावला, टिचक्या मारल्या. कान बर्फासारखा गार. हा वरच्या ओळीतला ससा होता, ठोके अगदी संथ. पण बुबुळ इतकं मोठं झालं होतं की डोळ्यात काळ्याशिवाय काही उरलंच नव्हतं.

"तुम्ही लांब गेलात की येते शीर," ती बाई खाली बघत म्हणाली.

"सुई माझ्या हातात असते ना," ताई म्हणाली. "तुझ्या हातात असती तर तुला भ्यायला असता."

तिने सुई ठेवून दिली. दाराबाहेर गेली, हात धुतले, कोट बदलला आणि रिकाम्या हातांनी परत आली. कान पुन्हा पांढरा पडला.

जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच बसून राहिली. विद्यार्थी असताना पाठ केलेल्या गोष्टी तिला एकेक करून आठवत होत्या, आणि त्या कधीच विसरलेल्या नव्हत्या हेच वाईट होतं. हे औषध ठोके अडवतं. थरथर अडवतं. पण भीतीने कानांच्या नसा आवळतात, बुबुळं पसरतात, तळव्यांना घाम सुटतो, त्या वाटा वेगळ्या. त्या औषध अडवत नाही. भीती हृदयात नसतेच. हृदय फक्त तिचा बोभाटा करतं. आपण बोभाटा बंद केला आणि सगळ्यांना सांगितलं की भीती गेली.

मग तिला ती ओली चादर आठवली. मुक्या माणसाकडे ओरडून सांगायला छातीचे ठोके तेवढे उरले होते. तेही तिने गोळी घालून बंद केले होते.

५

दुपारीच सुट्टी टाकून ती घरी निघाली. मावशींना गाठायचं होतं. फाटक हळूच उघडलं, घराला वळसा घातला आणि बाबांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

आत मावशी पेपर वाचून दाखवत होत्या. अडखळत, मोठ्याने, मधूनमधून स्वतःची मतं घालत. "बघा सर, पुन्हा पूल पडला! आणि उद्घाटनाला फोटो काढायला हे दहाजण!" त्यावर घशातून घरघरल्यासारखा एक आवाज आला. ताईने तो आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. बाबा हसत होते.

तिने टाचा उंचावून पाहिलं. बाबांचा चेहरा सैल होता, गालावर रंग होता, डावा हात पोटावर निवांत पडला होता. ताई तिथेच भिंतीला टेकली. मावशींबद्दल आपण काय काय मनात आणलं, याची तिला लाज वाटली.

इतक्यात आतलं हसू थांबलं. कुणी थांबवावं तसं, मध्येच. ताईने पुन्हा डोकावलं तर बाबा खिडकीकडे बघत होते. तिला पाहिलं असावं. डोळे ताणलेले, ओठ पांढरे. तिने फोन काढला. आकडा साठ.

ती आत गेली तेव्हा मावशी टॉवेलने त्यांचा तळवा पुसत होत्या.

"मावशी, खरं सांगा. हे केव्हा होतं?"

"जाऊ द्या ना."

"सांगा."

मावशींनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुम्ही आलात की होतं. आधी थरथरायचे तेसुद्धा तुम्ही घरात असतानाच. तुम्ही गेलात की थोड्या वेळाने उतरतं. मी बोलणार होते, पण लेकीला असं कसं सांगायचं? आणि घड्याळ तर म्हणतंय सगळं ठीक आहे. म्हटलं, मलाच काही कळत नसेल."

ताईला राग आला नाही. तिला बसायची गरज वाटली आणि ती पायथ्याच्या वेताच्या खुर्चीकडे वळली. बाबांच्या घशातून एक चिरका आवाज निघाला. ती उभीच राहिली.

दोन खोल्या. एकीत मामा, दुसरीत मावशी. तिने दोघांवर पाळत ठेवली होती. दोन्ही खोल्यांत जाणारं-येणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्यावर संशय घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी तिने सशांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. साहेबांना सांगितलं की सवय मोडली आहे, पुन्हा लावावी लागेल. ते म्हणाले, वेळ घालवू नका, निकाल उत्तम आहेत.

ती स्टुलावर बसली. पंख्याची घरघर होती, पाण्याच्या नळ्यांची टिकटिक होती. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. ससे खात होते. ती आत असताना ते शांत असायचे, हे तिने किती अभिमानाने साहेबांना सांगितलं होतं. आता तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. तोंडं हलत होती, पण कान हलत नव्हते. प्रत्येक सशाचे दोन्ही कान तिच्याकडे होते. तिच्याकडेही नाही, तिच्या डाव्या खांद्याच्या जरा वर. ते शांत नव्हते. तिच्या बसण्याच्या वेळात ते श्वास रोखून असायचे, आणि ती गेल्यावर, स्टुलापासचं ते हललं की, त्यांचा धीर सुटायचा.

माझ्या कपड्यांना कसला वास येत असेल, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून गप्प झाली.

मान वळवणं सोपं होतं. बोळात तिने वळवली होती आणि काही दिसलं नव्हतं. म्हणून तिने वरच्या ओळीतला सगळ्यात गरीब ससा बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि त्याचा चेहरा स्वतःच्या चेहऱ्याजवळ आणला. त्याचे ठोके बोटांना लागत होते. एकसारखे, संथ, उत्तम. कान गार. डोळ्याचं बुबुळ काळंभोर पसरलेलं, आणि त्या काळ्यात खोली दिसत होती. खिडकीचा उजळ चौकोन. पिंजऱ्यांच्या उभ्या रेघा. पांढरा कोट घातलेली ती, वाकलेली.

तिच्यावर आणखी कुणीतरी वाकलं होतं. दुसऱ्याच्या खांद्यावरून पेपर वाचायला आपण वाकतो, तसं. उंच होतं, फिकट होतं. जिथे तोंड असावं तिथे खिडकीचा उजेड पडला होता, म्हणून तोंड दिसलं नाही.

ताईने सशाला थोडं डावीकडे केलं. डोळ्यातली ती सरकली. डोळ्यातलं दुसरं सरकलं नाही. ते आणखी खाली वाकलं, जणू त्यालाही बघायचं होतं की ती कशात बघतेय.

ससा तिने पिंजऱ्यात ठेवला. दार नीट लावलं, खटका पडल्याची खात्री केली. तिची स्वतःची छाती धाडधाड उडत होती. तिला कुणी गोळी दिली नव्हती. ती बोळातून चालत साहेबांच्या खोलीपर्यंत गेली आणि तिथे काय सांगायचं ते न सुचून तशीच पुढे गेली. वाटेत उंदरांच्या खोलीशी मामा भेटला. तिने त्याच्यासमोर हात जोडले. मामा काहीतरी बोलणार होता. पण त्याच्या हातातल्या पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या अंगावर चढून एका कोपऱ्यात दाटले, म्हणून त्याने आधी पिंजरा सांभाळला. ती थांबली नाही.

७

"संस्थेत?" धाकटा फोनवर ओरडलाच. "तूच ना ती, जी म्हणत होतीस, परक्यांच्या हाती देणार नाही?"

"हो. मीच. तू आज ये."

"पण आता तर ते बरे आहेत! आकडा मलाही दिसतो, ताई. महिना झाला, एकदाही वर गेला नाही."

"आकड्याकडे बघू नकोस. तू ये, आणि मावशींनाही सोबत घेऊन जा, त्यांच्याशी मी बोलले आहे."

"आणि तू?"

"मी नंतर बघीन."

ती फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बोलत होती. दिवसभर ती घरात गेली नव्हती. जितकं अंतर ठेवता येईल तितकं ठेवायचं, एवढंच तिला सुचत होतं. मावशींनी बाबांचे कपडे भरले, औषधांचा डबा भरला. खिडकीतून एकदा हात हलवून सांगितलं की सर ठीक आहेत, खाल्लंय त्यांनी. ताईला त्याचं बरं वाटलं आणि रडूही आलं. ज्या माणसाला ठेवून घ्यायला ती सख्ख्या भावाशी भांडली, तो माणूस तिच्यापासून लांब गेल्यावरच पोटभर जेवत होता.

उन्हं कलायच्या आत धाकटा आला. त्याने आणि मावशींनी मिळून बाबांना उचललं आणि गाडीच्या मागच्या आसनावर बसवलं. उशी लावली, पट्टा लावला, आणि मावशी त्यांच्या शेजारी बसल्या. ताई फाटकाशी उभी होती. निरोप लांबूनच घ्यायचा, तिने स्वतःला बजावलं होतं.

"अगं ये ना जवळ!" धाकटा वैतागला. "एवढा दगड कधीपासून झालीस?"

बाबा तिच्याकडे बघत होते. ती गेली. फक्त क्षणभर, पायाला हात लावून परत फिरायचं, म्हणून गेली आणि खिडकीशी वाकली.

बाबांच्या डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. गार, ओला हात, पण पकड अशी, की जणू शाळेतलं सगळं बळ त्यात परत आलं होतं. ते ढकलत नव्हते. ते तिला आत ओढत होते. खांद्याने मावशींना रेटून त्यांनी आसनावर जागा केली, होती नव्हती तेवढी. त्यांचे डोळे तिच्या डोक्यावरून मागे लागले होते आणि हात तिला त्यापासून सोडवून गाडीत, स्वतःजवळ, ओढत होता.

तेव्हा तिला कळलं. ते कधीच तिला भ्यायले नव्हते. स्वतःसाठीही भ्यायले नव्हते. रोज संध्याकाळी लेक घरात यायची, तिच्या मागून ते यायचं, तिच्या खांद्यावर वाकायचं, आणि हा म्हातारा तोंडात शब्द नसताना पलंगावर पडून ते बघत राहायचा. आणि तिने त्यांना गोळी दिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "बाबा, कळलं मला. आत्ता कळलं."

त्यांची पकड आणखी घट्ट झाली.

"बघ, बघ," धाकटा घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, "इतकं सगळं चाललंय आणि ठोके एकसष्ट. तुझी गोळी भारीच आहे हं, ताई."

आत बसावं असं तिला वाटलं. तिथे जागा होती, ऊब होती, बाप होता. पण ती बसली असती तर गाडीत एकटी बसली नसती. तिने बाबांचं एकेक बोट सोडवलं. पाचवं सुटेना, ते तिने ओठांना लावून सोडवलं. "चल, काढ गाडी," ती भावाला म्हणाली.

गाडी वळणापर्यंत गेली तरी मागच्या काचेत बाबांचा चेहरा तिच्याकडेच होता. मान जेवढी वळेल तेवढी वळवलेली. मावशी त्यांना धरून होत्या. ताई हात हलवत राहिली, गाडी दिसेनाशी झाली तरी काही वेळ हलवत राहिली. रस्ता रिकामा झाला. डाव्या कानामागे गारवा होता आणि वारा तर अजिबात नव्हता.

"चला," ती मागे न बघता म्हणाली, घरी आलेल्या माणसाला म्हणावं तसं. मग आत येऊन तिने फाटक लावून घेतलं.